सूत्र छापायच्या आधीच पाद्री गेला, आज त्याचं गणित पेसमेकरच्या कामाला येतंय

छातीत पेसमेकर बसवला की काम संपलं, असं आपल्याला वाटतं. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे सेटिंग. मिनिटाला किमान किती ठोके पडले पाहिजेत, हृदयाच्या वरच्या कप्प्यानंतर किती मिलिसेकंदांनी खालच्या कप्प्याला इशारा द्यायचा, हे सगळं ठरवावं लागतं. कंपनीतून येणारं सेटिंग सरासरी माणसासाठी असतं. आणि सरासरी माणूस कुणाच्याच घरात राहत नाही.

म्हणून प्रत्येक पेशंटसाठी वेगळं सेटिंग शोधणाऱ्या एआयवर संशोधन सुरू आहे. त्यातल्या अनेक पद्धतींच्या मुळाशी ज्यांचं गणित आहे, त्यांनी हृदयावर कधीच काम केलं नव्हतं. ते पाद्री होते. नाव थॉमस बेझ.

बेझ यांचा जन्म १७०१ च्या आसपास इंग्लंडमध्ये झाला. वडील जोशुआ हेही पाद्रीच, पण सरकारमान्य चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाचे. अशा पंथाच्या लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. मग थॉमस यांनी १७१९ मध्ये थेट स्कॉटलंडमधलं एडिनबरा विद्यापीठ गाठलं. तिथे ते तर्कशास्त्र आणि धर्मशास्त्र शिकले. पुढे लंडनच्या आग्नेयेला असलेल्या टनब्रिज वेल्स गावात प्रवचनं देऊ लागले.

गणित मात्र सुटलं नाही. १७३६ मध्ये त्यांनी न्यूटनच्या कॅल्क्युलसची बाजू मांडणारं पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न टाकता. १७४२ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं.

आता मुख्य विषय. फासा सरळ आहे हे माहीत असेल, तर सहा किती वेळा पडेल हे त्या काळच्या गणितज्ञांना सांगता येत होतं. बेझ यांनी प्रश्न उलटा केला. सहा किती वेळा पडला ते दिसतंय, मग फासा कसा आहे?

त्यासाठी त्यांनी टेबलाचं उदाहरण घेतलं. सोप्या भाषेत सांगायचं, तर टेबलावर एक चेंडू टाकलाय, पण तो कुठे थांबला ते तुम्हाला माहीत नाही. मग दुसरा चेंडू पुन्हा पुन्हा टाकायचा. दर वेळी इतकंच कळतं, की तो पहिल्याच्या डावीकडे थांबला की उजवीकडे. प्रत्येक फेकीनंतर पहिल्या चेंडूच्या जागेचा अंदाज थोडा सुधारतो. म्हणजे आधी एक अंदाज धरायचा, पुरावा आला की त्या प्रमाणात तो बदलायचा.

हे त्यांनी लिहून ठेवलं, पण छापलं नाही. ७ एप्रिल १७६१ रोजी बेझ वारले. त्यांचे कागद मित्र रिचर्ड प्राइस यांच्या हाती आले. प्राइस यांनी त्यावर मेहनत घेतली आणि २३ डिसेंबर १७६३ रोजी तो निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. पुढे १७७४ मध्ये फ्रान्सच्या लाप्लासने स्वतंत्रपणे हीच वाट शोधली आणि तिचा मोठा रस्ता केला.

याचा हृदयाशी काय संबंध? आयसीडी म्हणजे गरज पडल्यास हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. समजा ठोके मिनिटाला १८० वर गेले. माणूस धावतोय, की जीव धोक्यात आहे? झटका चुकून दिला, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तो जबर लागतो. द्यायचा राहिला, तर जीव जाऊ शकतो. ठोके हळूहळू वाढले की एकदम, ते एकसारखे पडताहेत का, असे पुरावे यंत्र आजही तपासतं. बेझ यांच्या पद्धतीत हे पुरावे त्याच पेशंटच्या आधीच्या नोंदींशी जोडून धोक्याची शक्यता काढता येते. सेटिंगचंही तसंच. हजारो लोकांच्या माहितीवरून पहिला अंदाज घ्यायचा, मोजक्या सेटिंग्ज करून बघायच्या, रक्तदाब पाहायचा आणि या एका माणसाला काय मानवतं तिकडे सरकायचं.

ही पद्धत आता परकी राहिलेली नाही. वैद्यकीय उपकरणांच्या चाचण्यांमध्ये ती कशी वापरायची, याच्या मार्गदर्शक सूचना अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच काढल्या.

पण एक मेख आहे. पहिला अंदाज कुणाच्या माहितीवरून घेतला? त्या माहितीत तुमच्यासारखी माणसं नसतील, तर यंत्र चुकीच्या जागेवरून सुरुवात करतं आणि सुधारायला त्याला जास्त पुरावे लागतात. टेबलावर चेंडू हवे तितक्या वेळा टाकता येतो. हृदयाच्या बाबतीत तेवढी सवलत नसते. म्हणूनच यंत्राने नुसतं उत्तर देऊन भागत नाही. त्या उत्तराची त्याला किती खात्री आहे, हेही डॉक्टरांना दिसायला हवं. बेझ यांच्या गणितात ही खात्री मोजायची सोय पहिल्यापासून आहे.