एक्कावन्न वर्षांचा विद्यार्थी

इटलीतील थोर चित्रकार तिशियन १५७६ साली व्हेनिस नगरीत मरण पावला. पुढच्याच वर्षी, २८ जून १५७७ रोजी, जर्मनीतील सीगेन या गावी पीटर पॉल रूबेन्सचा जन्म झाला. या दोघांची भेट होणे शक्यच नव्हते. तरीही रूबेन्सचा खरा गुरू कोण, असे कोणी विचारले, तर तिशियनचेच नाव घ्यावे लागेल.

रूबेन्सचे पितृछत्र लहानपणीच हरपले. आई मुलांना घेऊन अँटवर्प शहरी परतली. तेथे त्याने तीन चित्रकारांच्या हाताखाली उमेदवारी केली आणि १६०० साली तो इटलीस गेला. मांतुआच्या ड्यूकच्या पदरी असताना तिशियनची अनेक चित्रे त्याच्या दृष्टीस पडली. आई अत्यवस्थ असल्याचे कळताच १६०८ साली तो घराकडे धावला. पण तो पोचण्यापूर्वीच तिने डोळे मिटले होते.

पुढे त्याची कीर्ती युरोपभर पसरली. अनेक भाषा अवगत असल्यामुळे राजे त्याला शिष्टाईसाठीही पाठवू लागले. १६२८ साली स्पेन व इंग्लंड यांच्यातील तहाच्या कामासाठी तो माद्रिदला आला. वाटाघाटी रेंगाळल्या. राजा चौथा फिलिप याच्या संग्रहात तिशियनची कितीतरी चित्रे होती. रूबेन्सने कुंचला उचलला आणि ती एकामागून एक उतरवून घेण्यास आरंभ केला. त्या वेळी त्याचे वय एक्कावन्न वर्षांचे होते, आणि स्वतः त्याच्याच चित्रांसाठी राजेरजवाडे वाट पाहत असत!

मुलांनो, तैलरंग फार सावकाश वाळतो. तिशियन एक थर वाळू देई, मग त्यावर पातळ, पारदर्शक असा दुसरा थर चढवी. खालचा रंग वरच्या रंगातून झिरपून दिसे. म्हणूनच त्याने रंगविलेली माणसांची कांती आतून उजळल्यासारखी भासते. हे कौशल्य नुसते पाहून हाती येत नाही. गुरूचा हात ज्या वाटेने गेला, त्या वाटेने आपलाही हात न्यावा लागतो. मात्र रूबेन्सने आंधळी नक्कल केली नाही. आदम व ईव्ह यांच्या चित्रात मागे झुकलेल्या आदमला त्याने पुढे वळविले आणि झाडावर एक लाल पोपट बसविला. मूळ चित्र आणि ही प्रत, दोन्ही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत.

राजाचा एकोणतीस वर्षांचा दरबारी चित्रकार व्हेलाझ्केझ याची रूबेन्सशी ओळख झाली. एस्कोरियल येथील चित्रे पाहावयास दोघे बरोबरच गेले. १६२९ साली रूबेन्स माद्रिद सोडून गेला आणि त्याच वर्षी व्हेलाझ्केझही राजाची अनुज्ञा घेऊन इटलीस निघाला.

१६३० साली तह झाला. ३० मे १६४० रोजी अँटवर्पला रूबेन्सचा अंत झाला, तेव्हा तिशियनच्या चित्रांवरून केलेल्या अनेक प्रती त्याच्या घरी होत्या. त्याने केलेल्या प्रतींपैकी एकीत सम्राट पाचवा चार्ल्स व सम्राज्ञी इझाबेला शेजारी शेजारी बसली आहेत. इझाबेला १५३९ सालीच वारली होती. तिशियनने तिला दुसऱ्या एका चित्राच्या आधाराने रंगविले होते. तिशियनचे ते मूळ चित्र पुढे नाहीसे झाले. ते कसे होते, हे आज रूबेन्सच्या प्रतीवरूनच कळते.