वैमानिक श्रीकृष्ण वेलिंगकर

पहिल्या महायुद्धात आकाशातून लढलेल्या हिंदी वैमानिकांत चार नावे विशेष घेतली जातात : हरदितसिंग मलिक, एरोल सेन, इंद्रलाल रॉय आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर. चौघांपैकी पहिले दोघे मायदेशी परतले. उरलेल्या दोघांना फ्रान्सच्या भूमीनेच पोटात घेतले. रॉय यांचे भाचे सुब्रतो मुखर्जी १९५४ साली आपल्या वायुसेनेचे प्रमुख झाले, म्हणून त्या घराण्याची कथा पुष्कळांना ठाऊक आहे. आम्ही येथे वेलिंगकरांविषयी लिहीत आहोत.

त्यांचा जन्म १८९४ साली मुंबईस झाला. हे आडनाव कानी पडताच आम्हां कोकणी बोलणाऱ्यांस गोव्यातील फोंड्याकडचे वेलिंग गाव आठवते. तरुणपणी ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकावयास गेले. विमान चालविण्याची विद्याही त्यांनी इंग्लंडातच संपादन केली. परंतु वायुदलाचे दार सहजी उघडेना. हिंदी मनुष्याने अधिकारी होऊन विमान हाकावे, ही कल्पनाच तेव्हाच्या सरकारी कचेऱ्यांस मानवत नव्हती. त्यांना मेकॅनिकची जागा सुचविण्यात आली. विमान उडविता येणाऱ्या तरुणाच्या हाती पाना द्यावयाचा, असा हा न्याय! मलिक यांनाही ऑक्सफर्डच्या त्यांच्या अध्यापकांनी रदबदली केली तेव्हाच प्रवेश मिळाला होता. वेलिंगकरांनी नेट सोडला नाही आणि १९१७ साली अधिकारपद मिळविलेच.

ते तेविसाव्या स्क्वाड्रनमध्ये 'डॉल्फिन' हे एकआसनी लढाऊ विमान चालवीत. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर राही. त्यामुळे दृष्टी चौफेर फिरे. मात्र उतरताना विमान उलटले तर मानेवरच बेतावयाचे. हवाई छत्री तर ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात मिळतच नसे.

२७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले, ते परतले नाहीत. जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती लागले होते. ३० जून रोजी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

युद्ध संपले, तरी आपल्या माणसाची कबर कोठे आहे हे घरच्यांस कळेना. त्यांच्या वतीने एका इंग्रज कर्नलाने चौकशी चालविली. १९२१ साली उलगडा झाला. एका जर्मन दफनभूमीत कोणा 'वुमकर' नामक अधिकाऱ्याची कबर होती. ती वेलिंगकरांचीच निघाली. शत्रूने त्यांना अधिकाऱ्याच्या मानाने पुरले होते; फक्त त्यांचे नाव त्या परक्या कानांना पेलले नव्हते. हजेरी घेताना नाव चुकीचे उच्चारले तर तिगावच्या आमच्या मुलांचे चेहरे उतरतात. त्या घराने तर तीन वर्षे वाट पाहिली होती.

युद्धात पडलेल्यांचे देह घरी न्यावयाचे नाहीत, असा ब्रिटिश सरकारचा नियम होता. मग तो सरदारपुत्र असो वा साधा शिपाई. आप्तांना समाधीच्या दगडावर थोडके शब्द कोरवून घेता येत, तेही फार तर सहासष्ट अक्षरे. म्हणून नाव बरोबर असणे एवढेच त्यांच्या हाती होते. अमियँ शहराजवळच्या हांगार गावी, इतर सैनिकांच्या रांगेत, त्यांच्याच उंचीचा वेलिंगकरांचा दगड आज उभा आहे आणि तेथे 'वुमकर' कोणी नाही.