धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम आणि जुन्या वस्तूंचे दुकान

दरवर्षी ९ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांचे स्मरण करते. ते धर्मगुरू नव्हते, मठात राहणारे ब्रदरही नव्हते. ते प्राध्यापक होते, एका पत्नीचे पती आणि एका मुलीचे वडील होते. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव आपण ऐकतो. या संस्थेची जुन्या वस्तूंची दुकाने ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. महागाई वाढली तशी तिथे नोकरदार माणसांचीही ये-जा वाढली. या दुकानांमागचा विचार समजून घ्यायचा, तर ओझानाम यांचे जीवन पाहायला हवे.

फ्रेडरिक यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी मिलान शहरात झाला. ते वाढले मात्र फ्रान्समधील लिओं येथे. वडील डॉक्टर होते आणि अनेक गरिबांवर फुकट उपचार करीत. १८३७ साली अशाच एका गरीब रुग्णाकडे गेले असता जिन्यावरून पडून त्यांचा अंत झाला. गरिबाच्या घरी स्वतः जायचे असते, हा धडा मुलाला घरातच मिळाला होता.

१८३१ साली फ्रेडरिक कायद्याच्या शिक्षणासाठी पॅरिसला आले. पुढच्याच वर्षी शहरात कॉलऱ्याची साथ आली व हजारो माणसे दगावली. विद्यापीठात श्रद्धेची टिंगल होत असे. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात फ्रेडरिक ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडत. एके दिवशी विरोधकांनी त्यांना पेचात पकडले. पूर्वी ख्रिस्तसभेने पुष्कळ केले असेल, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असे त्यांनी विचारले. हा प्रश्न फ्रेडरिक यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी व त्यांच्या एका मित्राने थंडीसाठी साठवलेल्या लाकडांपैकी उरलेली लाकडे उचलली आणि एका गरिबाच्या घरी नेऊन दिली.

२३ एप्रिल १८३३ रोजी, आपल्या विसाव्या वाढदिवशी, ते काही विद्यार्थी मित्रांसह एम्मान्युएल बेयी या वडीलधाऱ्या संपादकांकडे जमले. संस्थेचा आरंभ तिथेच झाला. पण गरिबांपाशी कसे वागावे हे या मुलांना ठाऊक नव्हते. ते शिकण्यासाठी ते मूफ्तार वस्तीत सेवा करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे गेले. सिस्टरांनी त्यांना कुटुंबे नेमून दिली आणि पावाच्या व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या. घरात गेल्यावर बसावे, विचारपूस करावी, कोणाला कमी लेखू नये, हेही शिकवले. चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात जाई व इतरांसारखाच आपला पाव घेऊन येई.

पुढे फ्रेडरिक कायद्याचे व साहित्याचे डॉक्टर झाले. कामगाराला त्याचा व त्याच्या कुटुंबाचा निर्वाह होईल इतके वेतन मिळालेच पाहिजे, असे त्यांनी लिओंच्या व्यासपीठावरून शिकवले. दानधर्म केला म्हणजे न्यायाची जबाबदारी संपली, असे त्यांनी कधी मानले नाही. १८४१ साली आमेली सुलाक्रुआ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४४ साली ते सोर्बोन विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८४६-४७ मध्ये फ्रान्समध्ये पीक बुडाले आणि पावाचे भाव कडाडले. पगारदार प्राध्यापक झाल्यावरही फ्रेडरिक गरिबांना विसरले नाहीत.

त्यांच्या चरित्रात एक छोटा प्रसंग सांगितला जातो. नववर्षाचा दिवस होता. त्यांच्या ओळखीच्या एका कुटुंबाने पोटासाठी आपले खणांचे कपाट गहाण टाकले होते. सुखाच्या दिवसांची तेवढीच एक खूण त्यांच्यापाशी उरली होती. ते कपाट सोडवून त्यांना भेट द्यावे असे फ्रेडरिक यांच्या मनात आले. पण पत्नीने व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या, तेव्हा त्यांनी तो विचार सोडला. संध्याकाळी घरात खाऊ होता, मुलीसमोर नव्या खेळण्यांचा ढीग होता. फ्रेडरिक मात्र कशालाच हात लावीनात. कारण कळताच आमेलीबाईंनी होकार दिला. ते तडक गेले, कपाट सोडवले, त्या घरी पोहोचवले आणि हसतमुखाने परतले.

इतरांच्या लेखी ते एक जुने लाकडी सामान होते. त्या घराच्या लेखी ती त्यांची अब्रू होती.

८ सप्टेंबर १८५३ रोजी मार्सेय येथे, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसच्या नोत्रदाम कॅथेड्रलमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. आज ही संस्था सुमारे १५० देशांत कार्य करते.

या संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत लोक कपडे, भांडी, फर्निचर आणून देतात. स्वयंसेवक ते निवडतात आणि कमी किमतीत विकायला मांडतात. आलेल्या पैशातून अडलेल्या कुटुंबांचे घरभाडे, विजेचे बिल, शिधा भागतो. ज्यांच्यापाशी तेवढेही पैसे नसतात, त्यांना चिठ्ठी मिळते. ती दाखवून ते आपल्या पसंतीचा सदरा निवडतात. सिस्टर रोझाली यांच्या पावाच्या चिठ्ठीचीच ही नात म्हणायची!

पण या दुकानांना एक दुखणे आहे. फाटके, मळके, मोडके सामानही दान म्हणून येऊन पडते. ते टाकून देण्याचा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो आणि तेवढे पैसे गरिबांच्या वाट्यातून जातात.

आपल्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेण्याची रीत आहे. तो व्यवहार झाला, त्यात गैर काहीच नाही. पण दान म्हणून गाठोडे बांधायला बसाल, तेव्हा प्रत्येक कपडा हातात घेऊन पाहा. बटणे आहेत का? धुतला आहे का? सख्ख्या भावाला हा देताना आपल्याला संकोच वाटेल का? वाटत असेल, तर तो घरात पुसायला ठेवावा. आणि हात आखडला असताना कोणी वापरलेली वस्तू विकत घेतली, तर त्यात लाज कसली? अशा दुकानात दिलेला रुपया कुणाच्या तरी चुलीपर्यंत पोहोचतो.

ओझानाम यांनी कपाट विकत आणले नाही, सोडवून आणले. आपण दिलेल्या वस्तूने घेणाऱ्याची मान ताठ राहावी, एवढे जरी आपल्याला साधले, तरी त्यांचे स्मरण सार्थकी लागेल.