वेराचा क्लब

घरी बुद्धिबळाचा पट मांडला, की समोरासमोर बसणार काका आणि दादा. आपण चहा ठेवायचा आणि आत जायचं. मैत्रिणींनो, म्हणूनच मला वेरा मेंचिक फार आवडते. ती पटापाशीच बसून राहिली!

वेरा १९०६ सालची, जन्म मॉस्कोचा. वडील चेक, आई इंग्लिश. नऊ वर्षांची असताना वडिलांनीच तिला खेळ शिकवला. पुढे रशियात क्रांती झाली, वडिलांची गिरणी गेली, आईवडील वेगळे झाले. १९२१ मध्ये आई मुलींना घेऊन इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला आली. वेराला इंग्रजी धड येत नव्हतं. पण बुद्धिबळात बोलावं कुठे लागतं? ती तिथल्या क्लबात जाऊ लागली आणि १९२७ मध्ये महिलांची पहिली जगज्जेती झाली.

१९२९ मध्ये तिला कार्ल्सबादच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली. २२ खेळाडूंत ही एकटी बाई. व्हिएन्नाच्या अल्बर्ट बेकरने थट्टा केली, की जो हिच्याकडून हरेल त्याला वेरा मेंचिक क्लबाचं सभासद करू. दोघांचा डाव लागला तेव्हा वेराकडे पांढरी मोहरी होती. तिने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. या सुरुवातीत घाई नसते. आधी पटाचा मधला भाग धरायचा, मोहरी नीट लावून घ्यायची, मग हळूहळू दाब वाढवायचा. बेकर हरला. क्लबाचा पहिला सभासद तोच!

आता खरं सांगायचं तर त्या स्पर्धेत वेरा शेवटची आली. २१ डावांत फक्त ३ गुण. मला तिचा मोठेपणा इथेच दिसतो. महिलांमध्ये तिचं अजिंक्यपद कुणालाच घेता आलं नाही. तेवढ्यावर ती सुखाने राहिली असती. पण ती पुन्हा पुन्हा पुरुषांच्या स्पर्धांत उतरली, हरली आणि जिंकलीसुद्धा. पुढे जगज्जेता झालेला मॅक्स यूवे आणि आपल्याकडच्या पंजाबातून गेलेला सुलतान खान, दोघेही तिच्या क्लबात दाखल झाले.

१९४३ मध्ये नवरा गेला. जून १९४४ मध्ये लंडनच्या घरावर जर्मन उडता बॉम्ब पडला. वेरा, आई आणि बहीण ओल्गा, तिघी एकदम गेल्या. वेरा अवघी ३८ वर्षांची होती. जगज्जेतेपद तेव्हाही तिच्याकडेच होतं.

महिला ऑलिम्पियाडचा करंडक आज तिच्या नावाचा आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताच्या मुलींनी तो जिंकला. त्यांत आपल्या नागपूरची दिव्या देशमुखही होती. लेकीला बुद्धिबळाच्या क्लासला घालणार असाल, तर तिला कार्ल्सबादची गोष्ट जरूर सांगा. शेवटचा नंबर आला तरी पुढच्या स्पर्धेला जायचं असतं.