हिऱ्याचे कानातले नाकारून पुस्तकं मागणाऱ्या मुलीनं पुढे भारताचं ओझोन मोजायचं यंत्र बनवलं

अर्धापूर, नांदेड, लातूर भागातल्या लोकांना एक सूचना ओळखीची असेल. हैदराबादच्या बलून केंद्रातून मोठे फुगे आकाशात सोडले जातात आणि त्यांची उपकरणं रंगीत पॅराशूटसह आपल्या शिवारात उतरू शकतात. डबा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, असं प्रशासन सांगतं.

पण उपग्रह असताना फुगे कशाला सोडायचे?

याचं उत्तर अ‍ॅना मणी यांच्या आयुष्यात सापडतं.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, केरळमधल्या पीरमेडचा. वडील सिव्हिल इंजिनियर, वेलदोड्याचे मळे असलेलं सुखवस्तू घर. आठव्या वाढदिवसाला मुलींना हिऱ्याचे कानातले द्यायची घरची पद्धत होती. या मुलीनं ते घेतले नाहीत, त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचे खंड मागितले. वायकोम सत्याग्रहाच्या काळात गांधीजींचा प्रभाव पडला आणि अंगावर खादी आली.

गंमत म्हणजे हिरे पुन्हा त्यांच्या हातात आले, पण प्रयोगशाळेत. १९४० मध्ये त्या बंगळुरूला सी. व्ही. रामन यांच्याकडे संशोधनाला गेल्या. हिरे आणि माणकांवर प्रकाश टाकून त्यांचे वर्णपट टिपायचं काम होतं. एकेक फोटो मिळायला १५-२० तास लागायचे, त्यामुळे रात्र अनेकदा लॅबमध्येच जायची. त्यांनी एकटीच्या नावावर पाच शोधनिबंध लिहिले. तरीही मद्रास विद्यापीठानं पीएचडी नाकारली. कारण काय, तर त्यांच्याकडे एमएस्सीची पदवी नव्हती.

त्या रडत बसल्या नाहीत. १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजला गेल्या. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, पण जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या प्रशिक्षणाची. मग तेच शिकल्या.

१९४८ मध्ये परतल्या आणि पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. पुणेकर ज्याला सिमला ऑफिस म्हणतात, तेच हे खातं. तेव्हा साधी उपकरणंही परदेशातून यायची. मणी यांनी जवळपास १०० उपकरणांचे आराखडे तयार करून ती इथेच बनवायला सुरुवात केली. १९५३ मध्ये त्या विभागप्रमुख झाल्या, तेव्हा हाताखाली १२१ पुरुष होते. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असं त्यांचं ठाम मत होतं.

१९६० च्या दशकात त्यांनी ओझोनचं काम हाती घेतलं. सूर्याची घातक अतिनील किरणं अडवणारा हा वायू मुख्यतः जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. तिथे पोचायचं कसं? उत्तर होतं फुगा. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओझोनसोंड हे भारतीय उपकरण तयार केलं. फुगा वर चढतो तसा छोटा पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. हवेत ओझोन असेल तर द्रावणात वीज तयार होते. जितका ओझोन जास्त, तितका प्रवाह जास्त. हा आकडा रेडिओवरून खाली येतो. पुणे, दिल्ली आणि तिरुवनंतपुरमहून असे फुगे सोडले जाऊ लागले. असं स्वतःचं उपकरण तेव्हा मोजक्याच देशांकडे होतं. मणी आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगाच्या सदस्यही झाल्या.

उपग्रहाची पद्धत वेगळी असते. पृथ्वीवर पडून परत फिरलेला अतिनील प्रकाश तो वरून बघतो. काही तरंगलांबीचा प्रकाश ओझोन जास्त शोषतो, काहींचा कमी. त्या फरकावरून ओझोन किती, याचा हिशोब लागतो. १९७० मध्ये नासाचा निम्बस-४ आणि १९७८ मध्ये निम्बस-७ याच तत्त्वावर काम करू लागले.

मात्र उपग्रहाचा आकडा हा हिशोबातून येतो, त्यामुळे तो ताडून बघावाच लागतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राची बातमी जगाला दिली ती ब्रिटिश तळावरच्या जमिनीवरच्या यंत्रानं. नासाच्या उपग्रहालाही ते कमी आकडे दिसले होते, पण इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला पडले होते. नंतर तपासल्यावर उपग्रहाचीही साक्ष मिळाली. खालचं यंत्र नेमकं असेल तरच वरच्या यंत्रावर विश्वास ठेवता येतो. मणी यांचा आग्रह नेमका हाच होता.

१९७६ मध्ये त्या हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. पण थांबल्या नाहीत. भारतात कुठे किती ऊन मिळतं, याची आकडेवारी देणारे त्यांचे दोन ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये आले. देशभरातल्या वाऱ्याचीही मोजणी त्यांनी केली. १९८७ मध्ये त्यांना के. आर. रामनाथन पदक मिळालं. १९९४ मध्ये पक्षाघात झाला आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं. पीएचडी त्यांना कधीच मिळाली नाही. रामन यांच्याकडे केलेला तो प्रबंध बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.

आज अर्धापूरच्या केळीच्या बागांवरून रोज उपग्रह जातात आणि डोक्यावरचा ओझोन मोजतात. ते आकडे बरोबर आहेत का, हे तपासायला फुगे अजूनही आकाशात जातातच.