राजर्षी शाहू महाराज यांचे आरोग्यविषयक कार्य

राजर्षी शाहू महाराज (मूळ नाव: यशवंतराव जयसिंगराव घाटगे, जन्म: २६ जून १८७४, कोल्हापूर – मृत्यू: ६ मे १९२२, मुंबई) हे कोल्हापूर संस्थानाचे छत्रपती आणि समाजसुधारक होते. राखीव जागा, सक्तीचे प्राथमिक शिक्षण, विद्यार्थी वसतिगृहे आणि अस्पृश्यता निवारण या कार्यांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य त्या मानाने कमी परिचित आहे. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी संस्थानाच्या वैद्यकीय खात्याला दिलेला आदेश या कार्यात विशेष महत्त्वाचा मानला जातो. सरकारी दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णाला समतेची व सौजन्याची वागणूक मिळालीच पाहिजे, असे बंधन या आदेशाने डॉक्टरांपासून शिपायांपर्यंत सर्वांवर घातले.

जन्म, दत्तकविधान आणि शिक्षण

यशवंतरावांचा जन्म कागलच्या घाटगे घराण्यात, कोल्हापुरातील कसबा बावडा येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. त्यांचे वडील जयसिंगराव उर्फ आबासाहेब घाटगे हे कागलचे जहागीरदार होते. मातोश्री राधाबाई यांचे निधन यशवंतरावांच्या बालपणीच झाले.

कोल्हापूरचे तत्कालीन छत्रपती चौथे शिवाजी यांना मनोरुग्ण ठरवून ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी पहाऱ्यावरील इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. उपचार व देखरेखीच्या नावाखाली ठेवलेल्या राजाचा असा अंत झाल्यामुळे त्या काळी मोठी खळबळ उडाली. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू असे ठेवण्यात आले.

शाहू महाराजांचे शिक्षण राजकोट येथील राजकुमार महाविद्यालयात आणि त्यानंतर धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. त्या वेळी ते १९ वर्षांचे होते.

दुष्काळ आणि प्लेग

राज्यकारभार हाती घेतल्यानंतर दोन-तीन वर्षांतच महाराजांपुढे दोन मोठी संकटे उभी राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली, दुष्काळी कामे सुरू केली आणि शेतकऱ्यांना तगाई दिली. कामावर येणाऱ्या मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी पाळणाघरांची आणि निराधारांसाठी आश्रमाची व्यवस्था करण्यात आली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि पुढे ती दख्खनमध्ये पसरली. ब्रिटिश सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा करून अधिकाऱ्यांना झडतीचे व विलगीकरणाचे व्यापक अधिकार दिले. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या कारकिर्दीत गोऱ्या सैनिकांकडून घरांच्या झडत्या घेण्यात आल्या. त्यातून निर्माण झालेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर केलेल्या हल्ल्यात झाली. रुग्णाच्या हितासाठी केलेली सक्ती त्याची प्रतिष्ठा सांभाळून केली नाही तर लोक उपचारांपासूनच दूर पळतात, हे या घटनेने दाखवून दिले.

कोल्हापूर संस्थानातही प्लेगचा प्रादुर्भाव झाला. बाहेरून येणाऱ्यांची तपासणी, रुग्णांचे विलगीकरण, स्वतंत्र प्लेग दवाखाने आणि लसीकरण हे उपाय येथेही योजण्यात आले. वस्ती मोकळी करून लोकांना गावाबाहेर, शेतांत झोपड्या बांधून राहण्यास सांगण्यात आले आणि त्यासाठी संस्थानाने मदत दिली. महाराजांनी स्वतः फिरून या व्यवस्थेची पाहणी केली. हाफकिन यांची प्लेग प्रतिबंधक लस १८९७ मध्येच मुंबईत तयार झाली होती. तिच्याविषयी लोकांच्या मनात भीती होती, त्यामुळे ती टोचून घेण्यास त्यांना प्रवृत्त करणे हा प्रशासनाच्या कामाचा मोठा भाग होता.

दवाखाने आणि स्त्रियांचे उपचार

कोल्हापुरातील मुख्य रुग्णालय शाहू महाराजांच्या राज्यारोहणापूर्वीच उभे राहिले होते. अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय या नावाच्या या वास्तूचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांनी केला होता. कोल्हापूरचा नवा राजवाडा व टाऊन हॉल यांचे आराखडेही त्यांचेच आहेत. स्थानिक लोक या रुग्णालयाला थोरला दवाखाना म्हणत.

त्या काळी पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यास बहुतेक कुटुंबांतील स्त्रिया तयार नसत. त्यामुळे दवाखाना जवळ असूनही अनेक स्त्रिया उपचारांवाचून राहत. या पार्श्वभूमीवर डॉ. कृष्णाबाई केळवकर यांची अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक महत्त्वाची ठरते. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर या संस्थानाच्या शिक्षण खात्यात कार्यरत होत्या. कृष्णाबाईंच्या वैद्यकीय शिक्षणास दरबाराचे साहाय्य लाभले आणि पुढील शिक्षणासाठी त्यांना परदेशी पाठविण्यात आले.

समतेच्या धोरणाची जडणघडण

१८९९ मध्ये सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणानंतर शाहू महाराजांचा जातिव्यवस्थेविरुद्धचा लढा तीव्र झाला. २६ जुलै १९०२ रोजी प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्याद्वारे संस्थानाच्या नोकऱ्यांतील ५० टक्के रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. १९०१ पासून कोल्हापुरात विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडण्यात आली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद करण्यात आली. १९१८ मध्ये महार वतने व कुलकर्णी वतने रद्द करण्यात आली. काही जातींना पोलिसांपुढे रोज द्यावी लागणारी हजेरीही बंद झाली.

या सर्व निर्णयांत एक समान सूत्र दिसते. महाराजांनी केवळ उपदेशावर भर दिला नाही. नोकरी, दंड, वतन आणि निवृत्तिवेतन या प्रशासकीय साधनांचा वापर करून त्यांनी सुधारणा अंमलात आणल्या. वैद्यकीय खात्यासंबंधीचा आदेशही याच पद्धतीचा होता.

१९१९ चा वैद्यकीय खात्याला आदेश

अस्पृश्य मानल्या गेलेल्या रुग्णांना त्या काळी दवाखान्यात प्रवेश मिळाला तरी उपचार मिळतीलच याची खात्री नसे. वैद्य व डॉक्टर नाडी पाहण्यास किंवा जखमेस हात लावण्यास टाळाटाळ करीत. औषध लांबून दिले जाई. रुग्णाला दाराबाहेर ताटकळत ठेवणे, अपमानास्पद बोलणे हेही प्रकार घडत. १९१८ च्या अखेरीस इन्फ्लुएन्झाच्या साथीने मुंबई प्रांतात फार मोठी जीवितहानी केली. अशा काळात उपचार नाकारले जाणे म्हणजे अनेकदा मृत्यूच होता.

जानेवारी १९१९ मध्ये शाहू महाराजांनी महसूल, न्याय, शिक्षण व वैद्यकीय अशा विविध खात्यांना अस्पृश्यांशी समतेने वागण्यासंबंधी आदेश काढले. वैद्यकीय खात्याच्या आदेशाचा आशय पुढीलप्रमाणे होता:

• सार्वजनिक दवाखाने ही कोणाचीही खासगी मालमत्ता नाही. ते सर्व प्रजेसाठी आहेत.
• दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णांना सर्व अधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी आपुलकीने व सौजन्याने वागवावे.
• या बाबतीत मिरज येथील अमेरिकन मिशनच्या रुग्णालयातील डॉक्टरांचा आदर्श समोर ठेवावा.
• ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. अशा व्यक्तींना निवृत्तिवेतन मिळणार नाही.

मिरजेचा उल्लेख सहज केलेला नव्हता. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेले हे रुग्णालय कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर होते आणि १८९१ पासून दोन्ही गावे रेल्वेने जोडलेली होती. तेथे रुग्णांना जात न पाहता तपासले जात असे. जे शेजारच्या गावी रोज घडते ते कोल्हापुरात अशक्य आहे, असा युक्तिवाद करण्यास त्यामुळे वाव राहिला नाही.

रुग्णावरील उपचार ही वैद्याची दया समजली जात असताना या आदेशाने त्याला सरकारी नोकराच्या कर्तव्याचे स्वरूप दिले. जातीच्या कारणावरून कर्तव्य टाळण्याची किंमतही त्यात ठरवून देण्यात आली. उपचार मिळणे एवढेच पुरेसे न मानता वागणुकीचाही त्यात समावेश करण्यात आला, हे या आदेशाचे दुसरे वैशिष्ट्य होय.

मर्यादा

हा आदेश संस्थानाच्या दवाखान्यांपुरता मर्यादित होता. खासगी वैद्य व डॉक्टर त्याच्या कक्षेत येत नव्हते. शिवाय आदेशाचे बळ छत्रपतींच्या व्यक्तिगत निर्धारावर अवलंबून होते. समाजाची वृत्ती लगेच बदलत नव्हती, याची कल्पना महाराजांना होती. राजवाड्याच्या चाकरीतील गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून सहकाऱ्यांनी मारहाण केली, तेव्हा महाराजांनी संबंधितांना शिक्षा केली. त्यानंतर त्यांनी कांबळे यांना कोल्हापुरात हॉटेल काढण्यास मदत केली आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. आदेशाला स्वतःच्या आचरणाची जोड देण्याची ही त्यांची रीत होती.

संस्थानाबाहेर परिस्थिती कशी होती, हे दहा वर्षांनंतरच्या एका घटनेवरून दिसते. १९२९ मध्ये काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टरने वस्तीत येण्यास नकार दिला आणि आजारी बाळंतिणीला वस्तीबाहेर आणण्यास सांगितले. तिला हात न लावता त्याने तापमापक एका मुसलमान व्यक्तीच्या हाती दिला आणि तो पुढे पतीमार्फत तिच्यापर्यंत पोहोचला. नंतर ती मरण पावली. ही हकीकत डिसेंबर १९२९ मध्ये यंग इंडिया या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही आपल्या लेखनात तिची नोंद घेतली. या प्रकरणात डॉक्टरने दोन रुपये शुल्क घेतले होते. पैसे मोजूनही रुग्णाला उपचारांचा हक्क मिळत नव्हता.

उत्तरायुष्य आणि निधन

वैद्यकीय खात्याच्या आदेशानंतर एप्रिल १९१९ मध्ये कानपूर येथील कुर्मी क्षत्रिय परिषदेत शाहू महाराजांना राजर्षी ही पदवी देण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा व सरकारी इमारती अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा निर्णय घेतला आणि स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे भरलेल्या परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले.

वैयक्तिक आयुष्यात मात्र ही वर्षे दुःखाची होती. जून १९१८ मध्ये त्यांचे धाकटे पुत्र शिवाजी यांचा शिकारीच्या वेळी अपघाती मृत्यू झाला. बालवयात विधवा झालेल्या स्नुषा इंदुमतीदेवी यांच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी विरोध पत्करून केली. त्यांना स्वतःला मधुमेहाचा विकार जडला होता. इन्सुलिनचा मानवावरील पहिला यशस्वी वापर जानेवारी १९२२ मध्ये कॅनडात झाला. भारतात ते औषध पोहोचण्यापूर्वीच, ६ मे १९२२ रोजी, मुंबईत वयाच्या ४७ व्या वर्षी महाराजांचे निधन झाले. त्यांच्यानंतर ज्येष्ठ पुत्र राजाराम महाराज गादीवर आले.

वारसा

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीच्या प्रसंगी रुग्णाचा जीव वाचविणे हे सरकारी व खासगी अशा दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात, सरकारी रुग्णालयांनी तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरविण्यात आला. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांना रुग्ण हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. १९१९ च्या आदेशाबाहेर राहिलेले खासगी क्षेत्र अशा रीतीने टप्प्याटप्प्याने नियमांच्या कक्षेत आले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांमुळे आता उपचारांच्या खर्चाचा भार शासन व विमा यांच्याकडून उचलला जातो. तथापि खर्चाची सोय झाली तरी रुग्णाला दारातून परत न पाठविण्याचे व त्याला सन्मानाने वागविण्याचे बंधन स्वतंत्रपणे आवश्यक राहते. शाहू महाराजांच्या आदेशाचा विषय हाच होता.

पूर्वीचे अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, या नावाने कार्यरत आहे. कोल्हापूर जिल्ह्याबरोबरच कोकण व सीमाभागातील रुग्णही तेथे उपचारांसाठी येतात. या रुग्णालयाशी संलग्न असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले आहे. २६ जून हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून साजरा केला जातो.