गिटारच्या मास्तरांची पंचवीस वर्षे

फुगवून उंच केलेले केस, डोळ्यांत काजळ, गळ्यात रंगीत रुमाल, अंगाला घट्ट चिकटलेल्या चमकत्या विजारी आणि कानठळ्या बसवणाऱ्या गिटारी. अमेरिकेत १९८० च्या दशकात ज्या संगीताने तरुणाईला वेड लावले, त्याचे हे बाह्यरूप. त्याला पुढे ग्लॅम मेटल असे नाव पडले. मॉटली क्रू, रॅट, डॉकेन, पॉयझन ही या पंथातील ठळक मंडळी. समीक्षकांनी या वाद्यवृंदांची यथेच्छ टिंगल केली. चाहत्यांनी मात्र त्यांच्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या आणि आज पन्नाशी-साठी गाठलेले हे चाहते अजूनही त्याच उत्साहाने बोलतात. या चाहत्यांपुढे कोणत्याही गिटारवादकाचे नाव काढा, काही मिनिटांत गाडी रँडी रोड्स या नावावर येऊन थांबते. गंमत अशी की, ग्लॅम मेटलचे सोन्याचे दिवस सुरू होण्यापूर्वीच रँडी हे जग सोडून गेला होता. त्या वेळी त्याचे वय होते अवघे २५ वर्षे.

रँडीचा जन्म ६ डिसेंबर १९५६ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे झाला. तीन भावंडांतला तो धाकटा. आईवडील दोघेही संगीतशिक्षक. रँडी दीड वर्षाचाही झाला नव्हता, तेव्हा वडील घर सोडून गेले. तिन्ही मुलांचा भार आई डेलोरस रोड्स यांच्यावर पडला. लॉस एंजलिसच्या नॉर्थ हॉलिवुड भागात म्युसोनिया नावाची त्यांची संगीतशाळा होती आणि तिच्याच जोरावर त्यांनी संसार रेटला. घरात रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र नव्हते. संगीत ऐकायचे असेल तर ते स्वतः वाजवावे, असा तो एकूण मामला. आपल्याकडे गवयांच्या घरातील मुलांच्या कानावर जसे आपसूक सूर पडतात, तसे रँडीच्या कानावर शाळेतल्या विद्यार्थ्यांचे बरेवाईट सूर दिवसभर पडत.

सहा-सात वर्षांचा असताना आजोबांची जुनी गिब्सन गिटार त्याच्या हाती आली. ती लाकडी पेटीची, विजेवर न चालणारी होती. त्याच्या शिक्षणाचा आरंभ लोकसंगीत आणि अभिजात गिटारवादनाने झाला. स्वरलिपी वाचता यावी म्हणून आईने काही काळ पियानोही शिकायला लावला. पुढे म्युसोनियातील शिक्षक स्कॉट शेली यांच्याकडे तो इलेक्ट्रिक गिटार शिकू लागला. काही काळाने शेली आईकडे गेले आणि आपल्यापाशी या मुलाला शिकवण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. असे सांगणारा शिक्षक मिळायलाही भाग्य लागते.

१९७१ मध्ये थोरल्या भावाबरोबर रँडीने अ‍ॅलिस कूपरचा कार्यक्रम पाहिला. रंगवलेले चेहरे, रंगमंचावरची नाटके, कर्कश गिटारी! पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या त्या मुलाला आपले पुढचे आयुष्य त्या रंगमंचावर दिसले. शाळासोबती केली गार्नी याला त्याने स्वतःच बेस गिटार शिकवली आणि दोघांनी मिळून वाद्यवृंद जमवायला सुरुवात केली. १९७५ मध्ये त्यांना केव्हिन डुब्रो हा गायक मिळाला आणि क्वाएट रायट या वाद्यवृंदाचा जन्म झाला. या नावाचीही एक कथा आहे. स्टेटस क्वो या ब्रिटिश वाद्यवृंदातील रिक पारफिट याने डुब्रोशी बोलताना क्वाइट राइट असे एक नाव सुचवले होते. इंग्रजी उच्चारामुळे त्याचे अमेरिकी कानांना क्वाएट रायट असे काहीतरी ऐकू आले. शांत दंगल असा त्याचा अर्थ. ऐकण्यातल्या चुकीतूनही बारसे होते ते असे.

या काळातला रँडीचा दिनक्रम मोठा मजेशीर होता. दिवसभर तो आईच्या शाळेत गिटार शिकवी. एकामागून एक मुले येत आणि हा लहानखुरा, मृदुभाषी मास्तर त्यांना धडे देई. संध्याकाळ झाली की ठिपक्यांचा बो टाय, ठिपक्यांचे जाकीट असा साज चढवून स्वारी स्टारवुडसारख्या क्लबात रंगमंचावर उभी राही. त्याचे काही शिष्य समोरच्या गर्दीत असत. शिकवण्याचा कंटाळा त्याला कधी आला नाही, असे त्याचे विद्यार्थी सांगत आले आहेत. उलट, रोज त्याच त्या गोष्टी दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्या वादनाला शिस्त लागली, असे त्याला स्वतःला वाटे. १९७९ मध्ये कार्ल सँडोव्हाल या कारागिराकडून त्याने व्ही आकाराची काळी गिटार बनवून घेतली आणि तिच्यावरही पांढरे ठिपके काढून घेतले. आज या ठिपक्यांची नक्कल जगभर विकली जाते.

क्वाएट रायटची लॉस एंजलिसमध्ये हवा होती, पण ती क्लबच्या दारापर्यंतच. त्याच गल्लीत वाढलेल्या व्हॅन हेलन या वाद्यवृंदाला वॉर्नर कंपनीने उचलले आणि १९७८ च्या त्यांच्या पहिल्याच अल्बमने धमाल उडवली. क्वाएट रायटच्या वाट्याला मात्र फक्त जपान आले. त्यांचे पहिले दोन्ही अल्बम तेवढ्या एका देशात प्रसिद्ध झाले. स्वदेशातील कंपन्यांना तेव्हा पंक आणि न्यू वेव्हचे डोहाळे लागले होते. ठिपके आणि पट्टे मिरवणाऱ्या या पोरांत त्यांना रस नव्हता. रँडी हा एडी व्हॅन हेलनपेक्षा सरस होता की नाही, हा वाद चाहत्यांमध्ये आजही हमरीतुमरीवर येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा वाद निष्फळ आहे. एडीच्या वादनात मस्ती आणि उत्स्फूर्तता आहे, तर रँडीच्या वादनात बांधणी आहे. एक गप्पा मारता मारता मैफल जिंकतो, दुसरा बंदिश घोटून घोटून आणतो.

सप्टेंबर १९७९ मध्ये त्याच्या आयुष्याने वळण घेतले. ब्लॅक सबाथ या विख्यात ब्रिटिश वाद्यवृंदातून त्याच वर्षी हकालपट्टी झालेला गायक ऑझी ऑस्बोर्न लॉस एंजलिसमध्ये दारूत बुडून बसला होता. त्याला नवा गिटारवादक हवा होता. डॅना स्ट्रम या स्थानिक बेसवादकाने रँडीचे नाव लावून धरले. रँडीला फारशी उत्सुकता नव्हती. सबाथचे संगीत त्याच्या आवडीचे नव्हते आणि आपला वाद्यवृंद सोडण्याची कल्पना त्याला बोचत होती. अखेर तो एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेला आणि हात मोकळे करण्यासाठी काही स्वर छेडू लागला. खरी परीक्षा सुरू होण्याआधीच ऑझीने त्याची निवड करून टाकली. मित्रांना सोडून जाण्याचा प्रश्न उरला होता. तो आईनेच सोडवला. तिने त्याला जायला सांगितले. त्या वर्षाच्या अखेरीस रँडी इंग्लंडला रवाना झाला. क्वाएट रायट मागे राहिली आणि काही काळाने विझून गेली.

बेसवादक बॉब डेझ्ली आणि ड्रमवादक ली केर्सलेक यांच्या साथीने १९८० च्या वसंतात ऑझी आणि रँडी यांनी इंग्लंडच्या ग्रामीण भागातील रिज फार्म स्टुडिओत ब्लिझर्ड ऑफ ऑझ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. क्रेझी ट्रेन आणि मिस्टर क्राउली ही गाणी याच अल्बममधली. रँडीच्या कामाची एक पद्धत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. गाण्यातील एकल वादनाचा तुकडा एकदा वाजवून तो थांबत नसे. तोच तुकडा तो पुन्हा, आणि कित्येकदा तिसऱ्यांदाही, जसाच्या तसा वाजवी आणि ही मुद्रणे एकमेकांवर चढवली जात. त्यामुळे एकाच गिटारीला भरदार, किंचित थरथरता नाद येई. हे बोलायला सोपे आहे. वेगवान ताना दोनदा तंतोतंत सारख्या वाजवणे म्हणजे काय, हे ज्याने वाद्य हाती धरले आहे त्यालाच कळेल. पोटात पक्के बांधलेले असल्याशिवाय ते हातातून उतरत नाही.

त्याच अल्बममध्ये, दणदणाटाच्या मधोमध, डी नावाची पन्नासएक सेकंदांची एक रचना आहे. साधी अभिजात ढंगाची गिटार, बाकी काही नाही. आईच्या नावाचे आद्याक्षर घेऊन त्याने ती तिला अर्पण केली. राक्षसी मुद्रा करणाऱ्या गायकाच्या अल्बममध्ये अशी रचना घालू देण्याचे श्रेय ऑझीलाही दिले पाहिजे. या अल्बमच्या अमेरिकेत ४० लाखांहून अधिक प्रती खपल्या.

१९८० च्या अखेरीस रँडी ग्रोव्हर जॅक्सन या गिटार बनवणाऱ्याकडे स्वतः काढलेले एक रेखाटन घेऊन गेला. त्यातून जी पांढरी, टोकदार, एका बाजूला लांबट झुकलेली गिटार तयार झाली, तिच्या माथ्यावर पहिल्यांदा जॅक्सन हे नाव उमटले. पुढच्या दशकात मेटल वाजवणाऱ्या निम्म्या जगाला ही मुद्रा हवीहवीशी वाटू लागली.

डायरी ऑफ अ मॅडमन हा दुसरा अल्बम १९८१ मध्ये दौऱ्याच्या घाईत उरकावा लागला. तरीही त्याच्या शीर्षकगीतात रँडीची झेप दिसते. क्युबन संगीतकार लिओ ब्राउवर यांच्या गिटारसाठीच्या एका अभ्यासरचनेची छाया त्यावर असल्याचे जाणकार दाखवून देतात. या अल्बमला एक गालबोट लागले. डेझ्ली आणि केर्सलेक यांना प्रकाशनापूर्वीच दूर करण्यात आले आणि वेष्टनावर नव्याने आलेल्या रूडी सार्झो आणि टॉमी आल्ड्रिज यांची नावे झळकली. वाजवले एकांनी, छायाचित्रे दुसऱ्यांची. हा तंटा पुढे न्यायालयापर्यंत गेला.

त्याच वर्षी गिटार प्लेअर या मासिकाच्या वाचकांनी रँडीला सर्वोत्कृष्ट नवा वादक ठरवले. पण कीर्ती दाराशी आली तेव्हा याचे मन भलतीकडेच धावत होते. दौऱ्यात नवे शहर आले की तो दूरध्वनीच्या पुस्तकात अभिजात गिटार शिकवणाऱ्याचे नाव शोधी, त्याच्याकडे जाऊन शुल्क भरी आणि धडा घेई. रात्री हजारो प्रेक्षकांपुढे वाजवणारा माणूस दुपारी कोणा अनोळखी शिक्षकापुढे विद्यार्थी म्हणून बसलेला असे. दरम्यान, ब्लॅक सबाथच्या जुन्या गाण्यांचा थेट ध्वनिमुद्रित अल्बम काढण्याचा घाट घातला गेला. रँडीला हे मुळीच रुचले नाही. दुसऱ्याची जुनी गाणी वाजवून आपण पुन्हा मागे जाऊ, असे त्याला वाटले. ऑझीशी संबंध ताणले गेले. करारातील राहिलेले काम पुरे करून आपण निघणार आणि विद्यापीठात जाऊन अभिजात गिटारची पदवी घेणार, हे त्याने सांगून टाकले होते. रॉकच्या शिखरावरून स्वेच्छेने वर्गातल्या बाकावर उतरायला निघालेला दुसरा कलावंत चटकन आठवत नाही.

१८ मार्च १९८२ रोजी टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे कार्यक्रम करून मंडळी बसने फ्लोरिडातील ऑर्लँडोकडे निघाली. वाटेत लीसबर्ग येथे बस कंपनीच्या मालकाच्या आवारात, छोट्या धावपट्टीजवळ, ती दुरुस्तीसाठी थांबली. १९ मार्चची सकाळ होती. बसच्या चालकाला विमान चालवता येत असे. त्याने तेथे उभे असलेले एक छोटे बीचक्राफ्ट विमान परवानगीवाचून बाहेर काढले आणि आधी दोघा सहकाऱ्यांना फेरी मारून आणली. रँडीला विमानाची धास्ती वाटे. तरीही दुसऱ्या फेरीला तो बसला. आईसाठी आकाशातून छायाचित्रे घेण्याचा त्याचा विचार होता, असे सांगितले जाते. सोबत ताफ्यातील रंगभूषा आणि कपडे सांभाळणारी एक महिला होती. चालकाने झोपलेल्यांची गंमत करण्यासाठी विमान बसवरून अगदी खालून नेले, एकदा नव्हे तर अनेकदा. अखेर पंख बसला घासला, विमान झाडावर आदळून शेजारच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये घुसले आणि पेटले. तिघेही जागीच मरण पावले. ऑझी आणि इतर सहकारी बसमध्ये झोपेत होते. चालकाच्या शरीरात कोकेनचे अंश सापडले आणि त्याच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदतही संपलेली होती. रँडीच्या शरीरात निकोटिनखेरीज काही आढळले नाही. दुसऱ्याच्या नशेची आणि पोरखेळाची किंमत त्याने मोजली.

सॅन बर्नार्डिनो येथे त्याला पुरण्यात आले. त्याच्या जागी काही दिवसांतच दुसरा वादक आणून दौरा पुढे रेटण्यात आला. ज्या अल्बमला रँडीचा विरोध होता, तो सबाथच्या गाण्यांचा अल्बमही वर्षअखेर दुसऱ्याच्या गिटारीवर निघाला.

इकडे केव्हिन डुब्रोने क्वाएट रायट पुन्हा उभी केली. रूडी सार्झो तिच्यात परतला. मार्च १९८३ मध्ये आलेला त्यांचा मेटल हेल्थ हा अल्बम नोव्हेंबरमध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. हेवी मेटलच्या अल्बमने अमेरिकेत हे स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्यातील थंडरबर्ड हे गाणे रँडीच्या स्मृतीला वाहिलेले आहे. चार वर्षांपूर्वी ज्या कंपन्यांनी या पोरांना दाराबाहेर उभे केले होते, त्याच आता सनसेट स्ट्रिपवर करारपत्रे घेऊन फिरू लागल्या. म्युसोनियात रँडीच्या मागे शिकवण्याचे काम ज्याने पत्करले, तो जॉर्ज लिंच डॉकेनमधून नावारूपाला आला. रँडीची नक्कल करता करता वाढलेल्या वादकांची तर मोजदादच नाही.

२०२१ मध्ये क्लीव्हलँडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याचा मरणोत्तर गौरव केला. ऑझीने पुढची चार दशके रँडीचे ऋण जाहीरपणे मान्य केले. २२ जुलै २०२५ रोजी तोही गेला. डेलोरस रोड्स यांनी २०१२ मध्ये निधन होईपर्यंत म्युसोनिया सोडली नाही. दूरदूरचे चाहते शाळेत येत, रँडीच्या वस्तू पाहत आणि या वृद्ध बाईंशी बोलून जात.

१९८७ मध्ये ट्रिब्यूट या नावाने रँडीच्या थेट कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले आणि ते अमेरिकेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच्या अखेरीस डी या रचनेच्या स्टुडिओतील तालमीचे मुद्रण जोडलेले आहे. रँडी वाजवतो, चुकतो, थांबतो, पुटपुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.